तंबूच्या दाराआडचं हसू



नाताळच्या कार्यक्रमानंतर एका बचत गटातून प्रश्न आला होता. एका ताईंनी विचारलं, "ख्रिस्ती लोक प्रार्थनेला बसले की इतके गंभीर का दिसतात? त्यांच्या धर्मात हसायची मुभा आहे की नाही?" गटातल्या बाकीच्या बाया तिलाच हसल्या म्हणे. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आपल्यातल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती शेजाऱ्यांची उपासना पाहतात ती एक तर नाताळला, नाही तर कुणाच्या मयताला. पांढरे कपडे, संथ गाणी, खाली घातलेल्या माना. त्यावरून असं वाटणं साहजिक आहे. शिवाय बाईच्या हसण्यावर पहारा तर प्रत्येक घरात असतो, मग घर कोणत्याही धर्माचं असो. "दात काढू नकोस", "चारचौघांत खिदळायचं नाही" हे ऐकल्याशिवाय कोण मोठी झाली? ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. देवापुढे हसावं का, आणि बाईनं हसावं का. ख्रिस्ती पवित्र शास्त्रात अगदी सुरुवातीलाच या दोन्हींना हात घालणारी एक गोष्ट येते, आणि ती आहे नव्वद वर्षांच्या एका म्हातारीची.

तिचं नाव सारा. नवऱ्याचं नाव अब्राहाम. गुरंमेंढरं घेऊन फिरणारी माणसं, राहायला तंबू. पदरी मूल नाही. देवानं अब्राहामाला वचन दिलेलं होतं की तुझा वंश मोठा होईल, पण वर्षं गेली, केस पांढरे झाले, पाळणा काही हलला नाही. एक दिवस ऐन उन्हाच्या वेळी तीन अनोळखी पाहुणे आले. अब्राहाम धावत सामोरा गेला, त्यांना झाडाखाली बसवलं आणि तंबूत येऊन बायकोला सांगितलं, लवकर तीन मापं सपीठ मळ आणि भाकरी कर. तीन मापं म्हणजे आजच्या हिशेबानं वीस लिटरचा डबा भरून वर उरेल एवढं पीठ! पाहुणे तीन. पुरुषमाणसाला पिठाचा अंदाज नसणं हे किती जुनं आहे बघा. (हे शास्त्रात लिहिलेलं नाही, हे माझं.)

तर पाहुणे झाडाखाली जेवत होते आणि सारा तंबूच्या दाराआड उभी होती. पाहुण्यांनी नाव घेऊन विचारलं, सारा कुठे आहे? आणि सांगितलं की पुढल्या वर्षी या वेळेला तिच्या मांडीवर मुलगा असेल. दाराआडून ते तिनं ऐकलं आणि ती मनातल्या मनात हसली. माझं अंग सुकून गेलं, धनी म्हातारा झाला, आणि आता हे सुख?

ते हसू कसलं होतं? मला वाटतं आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते ओळखू येईल. आनंदाचं नव्हतं ते. वर्षानुवर्षं वाट पाहून, नवस बोलून, लोकांचं ऐकून घेऊन, शेवटी आशा गुंडाळून ठेवलेल्या बाईचं हसू होतं. कुणी चांगलं बोललं तरी विश्वास बसत नाही, तेव्हा तोंडावर येतं ते. कर्जमाफीची बातमी ऐकल्यावर येतं ना, तसंच काहीसं.

देवानं ते ओळखलं आणि अब्राहामाला विचारलं, सारा का हसली? ती घाबरली. म्हणाली, मी हसलेच नाही. त्यावर उत्तर आलं, नाही, तू हसलीस. बस, एवढंच. शिक्षा नाही, शाप नाही, दिलेलं वचन परत घेतलं नाही. आणि यात गंमत अशी की आधीच्या अध्यायात हीच बातमी अब्राहामाला मिळाली, तेव्हा तो तर जमिनीवर पालथा पडून हसला होता. त्याला कुणी विचारलं नाही की का हसलास!

वर्षभरानं मुलगा झाला. त्याचं नाव इसहाक. इब्री भाषेत या नावाचा अर्थ 'तो हसतो'. साराचा शंभर वर्षांचा नवरा, ती नव्वदीची, आणि मांडीवर तान्हं. ती म्हणाली की देवानं मला हसवलं, आणि जो कुणी हे ऐकेल तो माझ्याबरोबर हसेल. आता विचार करा, संध्याकाळी पोराला जेवायला हाक मारायची तर तिला रोज आपल्याच त्या जुन्या हसण्याला हाक मारावी लागत असणार. ज्या हसण्याची तिला भीती वाटली, तेच देवानं पोराचं नाव म्हणून तिच्या ओटीत घातलं. ख्रिस्ती माणूस आनंद म्हणतो तेव्हा त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. नाही म्हणून हसलेल्या माणसाला देव रागावत नाही. त्याचं हसू बदलण्याची तो वाट बघतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग प्रवचनात फार सांगितला जात नाही.

इसहाकाचं दूध तोडलं तेव्हा अब्राहामानं मोठी मेजवानी केली. त्या घरात आणखी एक मुलगा होता, इश्माएल. साराची मिसरी दासी हागार, तिला अब्राहामापासून झालेला. स्वतःला मूल होत नाही म्हणून सारानंच हागारला नवऱ्याकडे पाठवलं होतं. आता सारानं पाहिलं की इश्माएल हसतो आहे. मूळ भाषेत तिथे तोच धातू आहे, जो इसहाकाच्या नावात आहे. काही जण त्याचा अर्थ खेळत होता असा करतात, काही जण चेष्टा करत होता असा. काहीही असो, साराला ते सहन झालं नाही. तिनं नवऱ्याला सांगून त्या मायलेकरांना घराबाहेर काढलं. थोडी भाकर आणि पाण्याची एक कातडी पिशवी, एवढं देऊन वाळवंटात. पाणी संपलं तेव्हा हागारनं पोराला झुडपाखाली ठेवलं आणि त्याचं मरण बघायला नको म्हणून लांब जाऊन बसली.

जिच्या हसण्याला देवानं सांभाळून घेतलं, तिनंच दुसऱ्या बाईच्या लेकराचं हसणं सहन केलं नाही. शास्त्रानं हे झाकलेलं नाही, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. देवानं त्या पोराचा आवाज ऐकला, हागारला विहीर दिसली आणि दोघं वाचली. इश्माएल या नावाचा अर्थ 'देव ऐकतो' असा आहे. म्हणजे एकाच अंगणात दोन पोरं, एकाचं नाव हसणं, दुसऱ्याचं नाव ऐकणं.

आपल्या गटाच्या बैठकीतसुद्धा हे दोन्ही हसू असतात. हप्ता चुकला म्हणून एखादी सगळ्यांसमोर उभी असते आणि कोपऱ्यातून कुणी तरी फिस्स करून हसतं. तिच्या बोलीवर, साडीवर, आडनावावर विनोद होतो. सगळ्या हसतात आणि तीही हसते, कारण न हसून करणार काय? पुढच्या बैठकीला ती येत नाही आणि का आली नाही हे वहीत लिहिलं जात नाही. देवाचा माणूस म्हणवणाऱ्याची थट्टा कुणावर चालावी आणि कुणावर चालू नये, हे पाहायचं असेल तर येशूकडे जावं लागतं.

येशू हसला असं शुभवर्तमानात कुठेच लिहिलेलं नाही. रडला असं लिहिलेलं आहे. मित्र लाजर मेला तेव्हा रडला, यरुशलेम शहराकडे पाहून रडला. यावरून चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोम नावाच्या नामवंत धर्मोपदेशकानं सांगितलं की बघा, प्रभू कधी हसताना दिसत नाही. पुढे मठांच्या नियमांतही फार हसू नये, खदखदून तर नाहीच, असा दंडक आला. आपल्या ताईंनी पाहिलेला गंभीरपणा काही अंशी तिथून आलेला आहे.

मला हे पटत नाही. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना पेय कमी पडलं तेव्हा सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस करून यजमानाची लाज राखणारा माणूस सुतकी चेहऱ्यानं वावरत असेल का? आणि त्याचं बोलणं ऐका. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही आपल्या रोजच्या बोलण्यातली म्हण. मराठी बायबलमध्ये येशूच्या तोंडी हीच जोडी आहे, कुसळ आणि मुसळ. मूळ शब्दांचा अर्थ काडी आणि घराचं तुळईचं लाकूड असा आहे. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. डोळ्यात आख्खी तुळई अडकलेला माणूस चाचपडत शेजाऱ्याकडे येतो आणि म्हणतो, थांब, तुझ्या डोळ्यात काही तरी गेलंय, मी काढतो. ऐकणारे हसले नसतील? तसंच मच्छर गाळून पाणी पिणारा आणि उंट गिळून टाकणारा माणूस. तसंच सुईच्या नेढ्यातून जाऊ पाहणारा उंट. या सगळ्या विनोदांत हसं होतं ते कुणाचं, हे मोजून बघा. धर्माचा आव आणणाऱ्यांचं आणि पैशाला धरून बसणाऱ्यांचं. आंधळ्याचं, कोड झालेल्याचं, विधवेचं, जकातीच्या नाक्यावरच्या बदनाम माणसाचं हसं येशूनं कधी केलेलं नाही.

एक प्रसंग मात्र अवघड आहे आणि तो एका बाईचाच आहे. परक्या देशातली कनानी बाई आजारी लेकीसाठी येशूच्या मागे ओरडत आली. शिष्य म्हणाले, हिला वाटेला लावा. येशूही म्हणाला की लेकरांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. हे ऐकायला कडू आहे. तो तिची परीक्षा बघत होता की त्या काळच्या यहूदी माणसासारखा बोलत होता, यावर जाणकार अजून वाद घालतात. पण तिनं काय केलं? ती रडत परत गेली नाही, भांडलीही नाही. तिनं तोच अपमानाचा शब्द उचलला आणि हळूच उलटवला. खरं आहे महाराज, पण मालकाच्या ताटाखाली सांडलेला चुरा कुत्र्यांनाही मिळतोच की! येशू तिथे हरला, आणि खुशीनं हरला. बाई, तुझा विश्वास मोठा आहे, असं म्हणून त्यानं तिची लेक बरी केली. शुभवर्तमानात शास्त्री-पंडित येऊन त्याच्याशी वाद घालतात आणि गप्प होऊन जातात. बोलण्यात त्याच्यावर मात करणारी माझ्या वाचनात ही एकटीच. हजरजबाबीपणाला तिथे उद्धटपणा म्हटलेलं नाही, विश्वास म्हटलं आहे. घरातल्या सुनेनं, लेकीनं असं उत्तर दिलं तर आपण काय म्हणतो, ते ज्याचं त्यानं आठवावं.

आता एक धोका सांगते. आनंदानं राहा, प्रभूत आनंद करा, असं ख्रिस्ती मंडळीत वारंवार म्हटलं जातं. पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ते पुन्हापुन्हा येतं. पण हे पत्र त्यानं तुरुंगातून लिहिलेलं आहे हे विसरलं जातं. आणि त्याच पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलं की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा. जिचं पोर गेलं तिच्या दारात जाऊन "आनंद कर" म्हणणं हा आनंदाचा संदेश नव्हे. तिथे आधी तिच्याजवळ बसून रडायचं असतं.

स्तोत्रसंहितेत एकशे सव्विसावं स्तोत्र आहे, बंदिवासातून गावी परतलेल्या लोकांचं. आम्ही परत आलो तेव्हा स्वप्नात असल्यासारखं झालं, तोंडात हसू मावेना, असं त्यात येतं. आणि शेवटी येतो पेरणारा, जो रडत बी घेऊन जातो आणि पेंढ्या घेऊन हसत परततो. शेतात न गेलेल्याला प्रश्न पडेल की पेरताना रडायचं कशाला? ज्या घरात बियाणं म्हणजे पोरांच्या ताटातून काढून ठेवलेला दाणा असतो, त्या घरातल्या बाईला तो पडणार नाही. हे हसू दुःखाला वळसा घालून आलेलं नाही, त्या शेतातून चालत आलेलं आहे.

युरोपात जुन्या काळी जर्मन मुलखात ईस्टरच्या दिवशी धर्मगुरू वेदीवरून विनोदी गोष्टी सांगून लोकांना हसवत. येशू मेलेल्यांतून उठला म्हणजे मरणाची फजिती झाली, तर मग हसायचं नाही तर काय? पुढे विनोद पांचट होत गेले, टीका झाली आणि प्रथा मागे पडली. रोममध्ये फिलिप नेरी नावाचा संत होऊन गेला, 1515 ते 1595 हा त्याचा काळ. लोक फारच पाया पडायला लागले की तो अर्धी दाढी काढून, अर्धी ठेवून बाहेर पडायचा. पाया पडायला आलेला हसत सुटायचा. आपल्याकडे काही बुवांनी हे करून बघायला हरकत नाही.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? ख्रिस्ती हसू मराठीत कसं असतं हे बघायचं तर लक्ष्मीबाई टिळक आहेत.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. घर कर्मठ ब्राह्मणाचं. वडिलांचं सोवळं असं विलक्षण की बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालत नसे. लहानपणीच लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. 'वनवासी फूल' लिहिणारे, मुलांफुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे ते हेच. माणूस मोठा, मन मोठं, पण राग नाकावर आणि हातात पैसा टिकायचा नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून.

1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण धर्मानं परका. पदरात लहानगा दत्तू. पुढची सुमारे पाच वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधारानं काढली. मग त्या नवऱ्याकडे परत गेल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊन. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. जातिभेद हा देवानं नाही, माणसानं केलेला आहे, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा त्यांनी ते सोवळं सोडलं आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात किती तरी परकी पोरं आपली म्हणून वाढली.

हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिलं. ते 1934 पासून भागाभागानं पुस्तकरूपानं निघालं. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हा पुढचं लिहायचं राहूनच गेलं. ज्या बाईनं एवढं सोसलं तिचं पुस्तक रडकं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला पानोपानी हसू फुटतं. वडिलांच्या सोवळ्याला त्या हसतात, नवऱ्याच्या उधळपट्टीला हसतात, ख्रिस्ती झाल्यावर भोवतालच्या ख्रिस्ती मंडळींच्या तऱ्हांनाही सोडत नाहीत. आणि सगळ्यांत जास्त हसतात स्वतःला, आपल्या अडाणीपणाला, आपल्या भित्रेपणाला, आपल्या फजित्यांना. पण ज्या पाच वर्षांनी त्यांना जाळलं, त्यांचं दुःखही त्यांनी लपवलेलं नाही. एका पानावर घशात आवंढा येतो आणि पुढच्या पानावर हसू.

त्या सोवळ्याला हसल्या, ते त्या सोवळ्यात राहिल्यानंतर. दुसऱ्याच्या चुलीवर उभं राहून त्यांनी थट्टा केली नाही, स्वतःच्या चुलीवर केली. नवऱ्यावरही त्या हसतात, पण वाचताना टिळकांची किंमत कमी होत नाही, उलट माणूस जवळचा वाटायला लागतो. त्यांच्या लिहिण्यातली ही माया धर्म बदलल्यामुळे आली की मूळची होती, हे कसं सांगणार? दोन्ही असेल. एवढं खरं की नव्या धर्मानं त्यांचं हसू काढून घेतलं नाही, आणि त्यांनीही ते बाहेर ठेवून आत पाऊल टाकलं नाही.

'स्मृतिचित्रे' तालुक्याच्या वाचनालयात बहुतेक मिळेल, नसेल तर मागून घ्या. पुस्तक जाड आहे, घाबरू नका. गटाची बैठक झाली, हिशेब वहीत लिहून झाला, की एकीनं चार पानं मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. जिला वाचायला वेळ लागतो तिलाच आधी द्या. लक्ष्मीबाईसुद्धा अक्षरं उशिरानंच शिकल्या होत्या. आणि वाचता वाचता मध्येच कुणी जोरात हसलं तर वाचणारीनं थोडं थांबायचं, तिचं हसून होऊ द्यायचं आणि मग पुढची ओळ घ्यायची.